मधल्या मापाचं मांजर

पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये प्राण्यांचे दोनच प्रकार मानले जातात. ज्याचं लसीकरणाचं कार्ड आहे तो एक, आणि दुसरा बिबट्या. पहिल्याला लिफ्टमधून न्यायचं की जिन्याने, यावर सर्वसाधारण सभेत दीड तास जातो. दुसऱ्यासाठी सभा बोलवावी लागत नाही. तो आल्याची नुसती आवई उठली तरी गणसंख्या पूर्ण होते. या दोघांच्या मधेही निसर्गाने काही घडवलं असेल, ही शक्यता आमच्या उपविधींमध्ये धरलेली नाही.

त्यामुळे नदीच्या बाजूच्या भिंतीवरून पहाटे पावणेपाचला लांब तंगड्यांचं, आखूड शेपटीचं एक जनावर चालत गेलं आणि सीसीटीव्हीत सापडलं, तेव्हा ते काय असावं हे ठरवायला कुणालाच वेळ लागला नाही. कुत्रं नव्हतं, कुत्रं भिंतीवरून चालत नाही. कुणाच्या घरचं मांजर नव्हतं. घरचं मांजर त्या वेळी पलंगाच्या मधोमध झोपलेलं असतं आणि मालक कडेला. उरला बिबट्या. चित्रफीत अकरा सेकंदांची होती आणि त्यातले सात सेकंद नुसती भिंत दिसत होती. पण अफवेला पुरावा लागत नाही, नेटवर्क लागतं.

सहा वाजता ते जनावर कोकणे चौकात पोचलं. सातला शिवार चौकात दिसलं. साडेसातला जगताप डेअरीपाशी ते दोन पिल्लांसह बसलेलं होतं, असं ज्याच्या मेहुण्याने पाहिलं त्याने कळवलं. आठ वाजता एक फोटो आला. त्यात एक धिप्पाड बिबट्या भाजीच्या हातगाडीशेजारी उभा राहून थेट कॅमेऱ्यात बघत होता. तो एआयने बनवलेला होता आणि त्याला पाच पाय होते. पाय कुणी मोजले नाहीत. हातगाडी आपल्या भागातली वाटत नाही, एवढीच एक शंका आली, आणि तीही भाजीचे भाव जास्त लिहिलेले होते म्हणून.

एव्हाना त्याला 'बिबट्यासदृश प्राणी' ही पदवी मिळाली होती. मराठी वार्ताहरांनी प्राणिशास्त्रात भर घातलेली ही स्वतंत्र जात आहे. हिला ठिपके असतातच असं नाही, शेपूट असतेच असं नाही, पुष्कळदा प्राणीही नसतो. दहशत मात्र नेमाने असते.

दहाच्या सुमारास वनरक्षक आले. खेड तालुक्यातला तरुण माणूस, मोटारसायकलवरून, एकटाच. बंदूक नाही, जाळं नाही, पिंजरा तर नाहीच. इथेच निम्म्या सभासदांचा शासनावरचा विश्वास उडाला. त्यांनी सिक्युरिटी केबिनमध्ये बसून चित्रफीत दोनदा पाहिली, तिसऱ्यांदा एका जागी थांबवली आणि म्हणाले, "रानमांजर आहे, काका. आमच्याकडं बाऊल म्हणत्यात. जाऊ द्या त्याला."

केबिनबाहेर जी शांतता पसरली ती सुटकेची नव्हती. ती अपमानाची होती. दर चौरस फुटाला आम्ही जे मोजलंय, त्यात मांजर येतं? चेअरमन दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, नीट बघा एकदा. निदान तरस तरी?"

त्या भल्या माणसाने पडद्यावर बोट ठेवून समजावलं. बिबट्याची शेपूट पाठीएवढी लांब असते आणि चालताना तिचं टोक वर वळतं. या जनावराची शेपूट घोट्याशी संपत होती, टोक काळं होतं आणि त्याच्या अलीकडे दोन-तीन काळी कडी होती. अंगावर एकही ठिपका नव्हता, सगळं अंग वाळूच्या रंगाचं. पाय अंगाच्या मानाने उंच. आणि कानाच्या शेंड्याला काळ्या केसांचा बारीकसा झुपका. "वजन पाच-सहा किलो असंल," ते म्हणाले. समोर उभ्या असलेल्या एका सभासदाच्या कडेवरचं पोर त्याहून जड होतं, आणि तेच काय ते घाबरलेलं नव्हतं.

रानमांजर इथे आलं कसं, हा प्रश्न लगेच विचारला गेला. तो उलट विचारायला हवा होता. हे मांजर पाण्याकाठच्या गवताचं आणि लव्हाळ्याचं रहिवासी. युरोपीय शास्त्राला त्याची पहिली ओळख झाली तीसुद्धा नदीकाठीच. ग्युल्डनस्टेट नावाच्या निसर्ग-अभ्यासकाने कॉकेशसमधल्या तेरेक नदीच्या लव्हाळ्यात ते पाहिलं आणि १७७६ साली त्याचं वर्णन लिहिलं. इजिप्तमध्ये नाईलकाठच्या लोकांनी तर घरच्या मांजरांबरोबर रानमांजरांचीही ममी करून ठेवली. पवनेच्या काठाला पाणकणसं आहेत, गवत आहे, आणि आसपास लष्कराच्या ताब्यातली रानं अजून मोकळी आहेत. कालपरवापर्यंत इथे सगळी शेतीच होती. तेव्हा आलोय आपण. त्याने फक्त आपल्याला भिंतीवरून बघितलं.

याच दिवशी संध्याकाळी बी विंगच्या काकूंना अमेरिकेहून मुलीचा फोन आला. मुलगी टेक्सासात डॅलसजवळच्या प्लेनो गावी असते. काकूंनी बिबट्याची हकीकत रंगवून सांगितली, आणि मुलगी पलीकडून म्हणाली, "आई, आमच्या बॅकयार्डात बॉबकॅट येतो. कुंपणावर बसतो. आम्ही काही करत नाही." काकूंना पहिल्यांदाच जाणवलं की परदेशी राहून मुलगी किती बेफिकीर झाली आहे.

बॉबकॅट हा शब्द सोसायटीच्या ग्रुपवर पडताच, आमच्या रस्त्याच्या कामाचा कंत्राटदारही त्या ग्रुपवर होता, त्याने विचारलं, "तासाच्या हिशेबाने पाहिजे का दिवसाच्या?" त्याचाही दोष नव्हता. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात बॉबकॅट म्हणजे राडारोडा उचलणारं छोटं लोडर. त्या यंत्राची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका टर्कीपालकाला शेडमधली घाण काढायला असं यंत्र हवं होतं, की जे खांबांच्या मधून शिरेल आणि जागच्या जागी वळेल. सिरिल आणि लुई केलर या लोहारकाम करणाऱ्या भावांनी ते बनवून दिलं. पुढे मेलरो कंपनीने ते हाती घेतलं आणि १९६२ मध्ये त्याला या मांजराचं नाव दिलं. चिवट, चपळ आणि अडचणीच्या जागेत वळणारं, असा त्यामागचा विचार. म्हणजे कंपनीवाल्यांना जनावराची पारख होती. कंत्राटदाराला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग मांजर स्वस्त पडंल. डिझेल लागत नाही."

आता हा बॉबकॅट आहे कोण? लिंक्स नावाच्या वंशात जगात चार जाती, त्यांतला हा सर्वांत लहान भाऊ. कॅनडाच्या दक्षिण भागापासून मेक्सिकोपर्यंत त्याचा वावर. वजन साधारण सहा ते अठरा किलो. शेपूट वीतभर, जणू मुळात पुरेशी लिहिली होती पण संपादकाने कापली. कानाच्या मागच्या बाजूला काळ्यावर पांढरा ठिपका. आवडतं खाणं ससा. ते नाही मिळालं तर उंदीर, खार, पाखरू. आणि अंगात रग असेल तर आपल्या कितीतरी पट वजनाचं हरीणसुद्धा. फ्लोरिडात २०२१ च्या जूनमध्ये एका बॉबकॅटने बर्मी अजगराच्या घरट्यातली अंडी खाल्ली, आणि अजगरीण परत आल्यावर तिलाही पंजा हाणला. हे सगळं स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपलं. अजगर तिथला नव्हे, माणसांनी आणून सोडलेला. त्याच्यापुढे अख्खी सरकारी यंत्रणा हात टेकून बसलेली असताना, वीतभर शेपटीच्या या गृहस्थाने विषय न्याहारीपुरता का होईना मार्गी लावला.

एवढा कर्तबगार प्राणी, आणि त्याची अमेरिकेतली संख्या वीस लाखांहून अधिक मानली जाते. तरी त्याचं नाव घेतल्यावर जगात कुणी थरारत नाही आणि कुणी 'अगोबाई' म्हणत नाही. कारण उघड आहे. घाबरायला तो लहान पडतो आणि मांडीवर घ्यायला मोठा. आपलं रानमांजर त्याचा सख्खा भाऊ नसलं तरी बिरादरी तीच. ही मांजरं म्हणजे मार्जारकुळातला मध्यमवर्ग आहे. वाघ-सिंहांना राखीव जंगलं आहेत, मनीमाऊला मऊ गाद्या आहेत. ह्यांना स्वतःचं स्वतः बघायचं आहे.

एकदा या नजरेने पाहिलं की त्यांच्या सगळ्या सवयी ओळखीच्या वाटू लागतात. बॉबकॅट कामावर निघतो पहाटे आणि संध्याकाळी. दुपारचं ऊन टाळतो. ताम्हिणीला धबधबा बघायला निघालेलं कुटुंबही 'ट्रॅफिकच्या आत' म्हणून हीच वेळ धरतं. चालताना तो मागचा पाय बरोबर पुढच्या पायाच्या ठशावर ठेवतो, त्यामुळे आवाज निम्मा आणि नव्या जागी पाय टाकण्याची जोखीमही निम्मी. ज्या फंडात थोरल्याने पैसे घातले त्यातच धाकट्याने घालायचे, यापेक्षा हे वेगळं काय? भक्ष्य मोठं मिळालं आणि एका बैठकीत संपलं नाही, तर उरलेलं पाचोळ्याखाली, गवताखाली, बर्फाखाली झाकून ठेवतो आणि उद्या येऊन खातो. टाकून द्यायचं नाही, हा संस्कार.

जागेच्या बाबतीतही तेच. प्रत्येकाचा आपला इलाका ठरलेला. त्याच्या हद्दीवर मुतून, विष्ठा टाकून, जमीन खरवडून तो 'ही जागा आरक्षित आहे' असं लिहून ठेवतो. आमच्याकडे त्याच कामासाठी पार्किंगमध्ये विटा ठेवतात आणि जुनी कुंडी. मादी दोन ते चार पिल्लं एकटीने वाढवते. त्यांच्यासाठी एक मुख्य गुहा असते, आणि आसपास एखाददुसरी जादा जागा पाहून ठेवलेली असते. धोका वाटला की बिऱ्हाड हलवलं. नर या सगळ्यात कुठे असतो? तो कामानिमित्त बाहेर असतो.

मध्यमवर्गाचा आणखी एक भोग आहे, तो म्हणजे दुर्लक्ष. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी उसाच्या शिवारात कॅमेरे लावले. आसपास राष्ट्रीय उद्यान नाही, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात, आणि तिथे शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. २०१३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा जगभर भुवया उंचावल्या. बिबट्यांच्या जेवणात वजनाने सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यात बिबट्या आहे. पण त्याच कॅमेऱ्यांपुढून रानमांजरंही गेली होती. वाघाटी गेली, खोकड गेलं, मुंगूस गेलं. सगळे एकाच शिवारात, आपापल्या पाळीला. फोटोही त्याच कॅमेऱ्याने काढले. लक्षात राहिला तो एकटा बिबट्या.

२००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या वन विभागाने बाहेर काढला, गळ्यात पट्टा बांधून माळशेजला सोडला. तो रेल्वे, महामार्ग आणि खाडी ओलांडत शंभरेक किलोमीटरहून जास्त चालून मुंबईच्या संजय गांधी उद्यानात पोचला. त्याचं नाव आजोबा. त्याच्यावर २०१४ मध्ये सुजय डहाकेंनी चित्रपट काढला, त्यात ऊर्मिला मातोंडकर होत्या. रानमांजरावर अजून पथनाट्यसुद्धा आलेलं नाही. तेही चालतं की, पण चार-पाच किलोमीटर चालून घरी परत येतं. रोज ठरलेल्या वाटेने कामावर जाऊन परत येणाऱ्यावर सिनेमा निघत नाही, हे हिंजवडीला जाणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको.

या मधल्या मापाच्या जनावरांची खरी किंमत कळते ती जुन्नर, आंबेगाव, खेडच्या उसात. थंडीत तोडणी सुरू होते. कोयता चालता चालता एखाद्या सरीत पाचटावर मूठभर आकाराची दोन-तीन ठिपकेदार पिल्लं दिसतात, डोळे धड उघडलेले नाहीत. तोडणी थांबते आणि हाळी उठते, "बिबट्याची पिल्लं!" ती पुष्कळदा वाघाटीची असतात. वाघाटी म्हणजे जगातल्या सर्वांत चिमुकल्या रानटी मांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली मादी एक किलोच्या आसपास, म्हणजे सोसायटीतल्या कुठल्याही गुबगुबीत बोक्याच्या पाव हिश्शाएवढी. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून जगात ती कुठेच नाही. पाठीवर गंजाच्या रंगाचे ठिपके, कपाळावर पट्टे, आणि आविर्भाव असा की बाकीचा बिबट्या मागून येतोय.

मग वन विभागाला फोन जातो. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून वाइल्डलाइफ एसओएसचे पशुवैद्य येतात. पिल्लांना तपासतात, गोचिड्या काढतात, नर-मादी नोंदवतात. ती कुणाची आहेत तेही तिथेच कळतं, कारण बिबट्याचं नवजात पिल्लू अर्ध्या किलोचं असतं आणि वाघाटीचं शंभर ग्रॅमसुद्धा भरत नाही. पण पुढचं काम दोन्हींसाठी एकच. संध्याकाळी, जिथे सापडली बरोबर त्याच सरीत, पिल्लं एका क्रेटमध्ये ठेवायची. बाजूला अंधारात बघणारा कॅमेरा लावायचा. आणि सगळ्यांनी तिथून निघून जायचं. हा शेवटचा भाग सर्वांत अवघड. काही न करणं, आणि तेही लांब उभं राहून, मोबाइल खिशात ठेवून. काळोख पडला की आई येते. आधी क्रेटभोवती फिरते, वास घेते, मग एकेका पिल्लाला मानेला धरून उचलते, घेऊन जाते, परत येते. एकच उरलं असलं तरी परत येते. कॅमेऱ्यात हे सगळं करड्या रंगात दिसतं. असं काम त्या पट्ट्यात तोडणीच्या हंगामात अनेकदा होतं. त्याची बातमी चार ओळींची येते, आणि शेजारी बिबट्याची चार कॉलमांची.

बिबट्याला त्याचं श्रेय द्यायला हवं; तो येतो तेव्हा मोठ्या ठिकाणीच येतो. २१ मार्च २०२२ ला चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात एक बिबट्या शिरला. चाकणच्या कारखान्यात गेटपास, हेल्मेट आणि सुरक्षेचे बूट नसताना आत जाऊन दाखवा. तो गेला. वय असेल दोन-तीन वर्षांचं, म्हणजे बिबट्यांच्या हिशेबात नुकता शिकून बाहेर पडलेला, जागेच्या शोधात, आणि त्या वयात सगळेच चाकणला जातात. कामगारांना बाहेर काढलं, काम थांबवलं, वन विभाग आणि वाइल्डलाइफ एसओएसचे लोक आले, आणि सुमारे सहा तासांनी भुलीचं इंजेक्शन देऊन त्याला सुखरूप नेलं. कुणाला ओरखडा नाही. कारण साधं होतं: कारखान्याला भिंत होती, गेट होतं, आणि बघ्यांना आत सोडलं नाही.

गेट नसलेल्या ठिकाणी काय होतं तेही आपण पाहिलं आहे. ९ डिसेंबर २०२० ला पुण्याच्या कोथरूडमध्ये एक गवा वाट चुकून आला. तो कुणाच्या अंगावर आलेला नव्हता, माणसंच त्याच्या अंगावर गेली. मोबाइल उंच धरून, आरडाओरडा करत, गल्लीगल्लीतून. तो धावत सुटला, रक्तबंबाळ झाला, आणि पकडल्यावर मेला. त्या दिवशी रानातून काय आलं होतं याची चर्चा खूप झाली. त्याच्या मागे काय लागलं होतं, त्याचं वर्णन मात्र कुठल्या प्राणिकोशात नाही.

रानमांजर अशा गर्दीच्या वाट्याला येत नाही, कारण त्याच्यासाठी गर्दी जमत नाही. मध्यमवर्गीय असण्याचा तेवढा एक फायदा. त्याचं मरण वेगळ्या मार्गाने येतं, आणि तो मार्ग आमच्या सोसायटीच्या जमाखर्चातून जातो. रकाना: पेस्ट कंट्रोल.

दर महिन्याला एक माणूस येतो आणि डक्टमध्ये, कचऱ्याच्या खोलीत, जनरेटरच्या मागे उंदरांसाठी निळ्या-गुलाबी वड्या ठेवून जातो. यातली पुष्कळशी विषं रक्त गोठू न देणारी असतात. उंदीर ती खाऊन लगेच मरत नाही. दोन-चार दिवस तो सुस्तावून, भान हरपून फिरतो. म्हणजे शिकाऱ्यासाठी असा उंदीर अगदी ताटात वाढलेला. तो ज्याने खाल्ला, त्याच्या अंगात विषाचा अंश जातो. दुसरा खाल्ला, आणखी थोडा. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने लॉस एंजेलिसच्या आसपासच्या बॉबकॅटांचा अभ्यास १९९६ पासून केला आहे. तिथे बंगल्यांच्या वस्तीलगत राहणाऱ्या बॉबकॅटांच्या शरीरात हेच उंदरांचं विष सापडलं, आणि ज्यांच्या अंगात ते जास्त त्यांना खरुजेने घेरल्याचं दिसलं. अंगावरचे केस झडलेला, हडकुळा बॉबकॅट. मारायला कुणी गेलं नव्हतं. सगळ्यांनी फक्त आपापलं घर स्वच्छ ठेवलं होतं.

आता हिशेब करू, कारण सोसायटीत भावना चालत नाहीत, आकडे चालतात. राजस्थानातल्या सरिस्कात शोमिता मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी रानमांजरांची विष्ठा गोळा करून त्यातली हाडं-दात-केस तपासले. २००४ मध्ये त्यांनी मांडलेला अंदाज असा, की एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीरवर्गीय प्राणी खातं. कमीतला आकडा धरला तरी वर्षाला हजारावर उंदीर झाले. वार्षिक करार नाही, जीएसटी नाही, दिवाळीला बक्षिसी नाही. लिफ्ट वापरत नाही, पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये गाडी लावत नाही, आणि मुख्य म्हणजे ग्रुपवर 'सुप्रभात' टाकत नाही. असा सेवक रात्रपाळीला फुकट मिळत असताना, त्याला घालवण्यासाठी उंदराला विष घालायला आपण दरमहा पैसे देतो. हे मी खजिनदारांना सांगितलं. ते म्हणाले, "पण त्या मांजराचं बिल कुठून आणायचं? ऑडिटला काय दाखवू?"

विरोध इतर बाजूंनीही आहे. ए विंगचं म्हणणं, मांजर बी विंगच्या बाजूने येतं, तेव्हा खर्च-बचत जे काही असेल ते बी विंगच्या खात्यात धरावं. एका तरुणाने त्याला दत्तक घेऊन गळ्यात घंटा बांधायची तयारी दाखवली. उंदीर पकडणाऱ्याच्या गळ्यात घंटा बांधायची ही कल्पना मूळ उंदरांची होती, आणि त्यांच्या सभेत ती एकमताने मंजूर झालेली आहे. आणखी एका सभासदाने सुचवलं की दूध ठेवावं. कृपा करून ठेवू नका. दूध पिऊन ते घरच्या मांजरांत मिसळेल, मैत्री होईल, पुढे संकरही होतो, आणि दोन पिढ्यांत त्याचंही लसीकरणाचं कार्ड निघेल. त्याला आपल्याकडून फक्त तीन गोष्टी हव्यात. उंदराचं विष बंद करा, त्याऐवजी कचऱ्याच्या खोलीचं दार लावा आणि पिंजरे ठेवा. नदीकाठच्या गवताला 'विकास' म्हणून सगळीकडे एकदम पेव्हर ब्लॉक बसवू नका. आणि पहाटे भिंतीवर ते दिसलं तर टॉर्च मारू नका.

बिबट्या खरोखर आला तर १९२६ ला फोन लावा, वन विभागाचा हेल्पलाइन क्रमांक आहे, आणि मुलांना, कुत्र्यांना घरात घ्या. रानमांजर आलं तर फोन लावू नका, काढूही नका.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर पेस्ट कंट्रोलच्या कराराचं नूतनीकरण हा सातवा विषय आहे, लिफ्टमधल्या आरशाच्या नंतर आणि गणपतीच्या वर्गणीच्या आधी. त्यात विषाच्या वड्या वगळाव्यात असा ठराव मी लिहून दिला आहे. सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. बी विंगच्या काकू तयार होत्या, पण त्यांची अट आहे की ठरावात जनावराचा उल्लेख 'बिबट्यासदृश' असाच व्हावा. मुलीला पाठवायचा आहे.